विश्लेषण : ‘शेतकऱ्यांची यादी’ संगणकाला का सापडत नाही?

मदतीच्या आणि अनुदानाच्या याद्या आता फायलींच्या रूपात फिरतात. त्या हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरची चाचणी मराठी नावांनिशी होणे का गरजेचे आहे, याविषयी...

हा विषय आताच का?

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील खरिपाचे मोठे नुकसान झाले. राज्य सरकारने ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. अशी मदत थेट बँक खात्यात जाते. पण त्याआधी लाभार्थ्यांच्या याद्या संगणकावर चढवाव्या लागतात. जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत. गावागणिक एक फाइल धरली, तरी त्यांची संख्या शेकड्यांत जाते.

नावात अडचण कोणती?

‘शेतकऱ्यांची’ या शब्दातील ‘ऱ्य’ कीबोर्डनुसार वेगवेगळ्या प्रकारे टाइप होतो. कुठे ‘ऱ’ हे एकच चिन्ह असते, कुठे ‘र’ आणि खालचा नुक्ता अशी दोन, तर कुठे ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर शब्द सारखाच दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र पहिल्या प्रकारात ११ चिन्हे आणि बाकीच्या दोन्हींत १२. त्यामुळे ‘फाइल सापडली नाही’ असा संदेश येऊ शकतो किंवा एकाच फोल्डरमध्ये सारख्याच दिसणाऱ्या नावाच्या दोन याद्या राहतात. त्यांतली जुनी यादी चढवली गेली, तर नंतर जोडलेली नावे मागे राहतात.

लांबीचाही प्रश्न आहे. लिनक्सवर फाइलच्या नावाला साधारणपणे २५५ बाइटची मर्यादा असते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. म्हणजे मर्यादा ८५ चिन्हांची.

चुकीची किंमत किती?

नाव चुकले तर यादी सापडत नाही. फोल्डरचा पत्ता चुकला तर भलतेच पुसले जाते. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठात तसे घडले. जुन्या नोंदी पुसणारी आज्ञावली चालू असतानाच तिच्यावर सुधारित आवृत्ती टाकली गेली. त्यामुळे पत्त्याची जागा रिकामी राहिली आणि संशोधकांच्या सुमारे ३.४ कोटी फायली, म्हणजे ७७ टेराबाइट माहिती, पुसली गेली.

चाचणी कशी करतात?

खऱ्या माहितीला हात न लावता तात्पुरते फोल्डर तयार केले जाते. त्यात फाइल बनवणे, हलवणे, पुसणे ही कामे मुद्दाम अडचणीत टाकून तपासतात : पत्ता रिकामा असेल तर? त्याच नावाची फाइल आधीच असेल तर? डिस्क भरली असेल तर? पुसण्याच्या कामात अपेक्षित फाइल गेली एवढे पाहून भागत नाही, बाकीच्या जागेवर आहेत का हेही मोजावे लागते. ‘ऱ्य’चे तिन्ही प्रकार या चाचणीत असायला हवेत.

तोवर काय करावे?

फाइलच्या नावात गावाचा सांकेतिक क्रमांक आणि तारीख वापरणे सोपे. यादी चढवल्यावर मूळ यादीतील आणि पोर्टलवरील नावांची संख्या जुळते का, हे पाहायला एक मिनिट पुरते.