लोभ नको, नंबर हवा!

जर्मनीत नोकरी लागली की पार्टी द्यायची असते, हे सगळ्यांना माहीत असतं. नोकरी गेली की पत्र लिहायचं असतं, हे मात्र कुणी सांगत नाही!

पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात बी-वन करून म्युनिक नाहीतर बर्लिनला गेलेली आपली किती तरी मंडळी आहेत. कंपनीत सगळं इंग्लिशमध्ये चालतं, त्यामुळे जर्मन बेकरीपुरतं उरतं. मग एक दिवस ले-ऑफ होतो आणि आठवड्याभरात पत्रपेटीत आगेंटूर फ्युअर आरबाइटचं, म्हणजे तिथल्या रोजगार कार्यालयाचं जाडजूड पाकीट येतं. नोकरीचा करार पाठवा, टर्मिनेशन लेटर पाठवा, अमुक तारखेच्या आत पाठवा.

इथे आपल्यातला शाळकरी मुलगा जागा होतो. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय विनंती की...’ आणि मग कंपनीनं कसा अन्याय केला, घरभाडं किती आहे, बायको प्रेग्नंट आहे. दीड पान! शेवटी फक्त ‘लोभ असावा’ लिहायचं राहिलेलं असतं.

बॉस, तिथे लोभ चालत नाही. नंबर चालतो. कुंडननुमर, म्हणजे तुमचा ग्राहक क्रमांक. (बेकारालाही ते ग्राहक म्हणतात, हे मला भारी आवडतं!) डावीकडे वर तुमचं नाव-पत्ता, खाली ऑफिसचा पत्ता, उजवीकडे तारीख. मग ठळक अक्षरांत विषय: ‘मागवलेली कागदपत्रं, तुमचं अमुक तारखेचं पत्र’ आणि तो नंबर. ‘विषय’ हा शब्द लिहायचा नाही, नुसता विषय लिहायचा. मायना ‘झेर गेएर्टे डामेन उंड हेरेन’, म्हणजे माननीय स्त्री-पुरुषहो. त्यापुढे स्वल्पविराम आणि पुढची ओळ लहान अक्षरानं सुरू. ती ओळ एकच: ‘सोबत आपण मागितलेली कागदपत्रं पाठवत आहे.’ मग ‘मिट फ्रॉइंडलिशेन ग्र्यूसेन’, सही आणि सगळ्यात खाली ‘आनलागेन’, म्हणजे जोडपत्रांची यादी. करार, टर्मिनेशन लेटर, पगाराच्या स्लिपा, एकेक मोजून. संपलं पत्र!

कोरडं वाटतं ना? पण हे पत्र दया मागायला नसतंच. ‘मी माझं काम केलं’ याचा तो पुरावा असतो. मागितलेला कागद वेळेत पोचला नाही, तर भत्ता अडवायची सोय कायद्यातच आहे. आणि तो भत्ता काही खैरात नव्हे. दर महिन्याच्या पगारातून १.३ टक्के बेकारी विम्यासाठी कापले गेलेले असतात, तेवढेच कंपनीनं भरलेले असतात. शेवटच्या ३० महिन्यांत निदान १२ महिने हप्ते भरले असतील तर साधारण निव्वळ पगाराच्या ६० टक्के मिळतात, मूल असेल तर ६७. घरी आई-बाबांना सांगायची लाज वाटते, ठीक आहे. पण हक्काच्या पैशाची कसली लाज?

एखादा कागद हातात नसला तर गप्प बसू नका. ‘अमुक कागद अमुक तारखेपर्यंत पाठवतो, तोवर मुदत द्यावी’ ही एक ओळ वाढवा. ओरिजिनल कधीही पाकिटात टाकू नका, झेरॉक्सच पाठवा. आणि पत्र कधी टाकलं यापेक्षा ते कधी पोचलं याला महत्त्व, म्हणून ते हातानं नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर पोचल्याचा शिक्का मारून घ्या. नाहीतर रजिस्टर पोस्ट. ऑनलाइन अपलोडही होतं, तेव्हा स्क्रीनशॉट ठेवा.

एक इशारा. पाकीट यायची वाट बघत बसू नका. नोकरी संपणार हे कळलं की तीन महिने आधी नाव नोंदवायचं असतं, त्याहून कमी वेळ हातात असेल तर कळल्यापासून तीन दिवसांत. उशीर झाला तर एका आठवड्याचा भत्ता जातो. एचआर गोड बोलून ‘परस्पर संमतीनं वेगळे होऊ’ असा कागद पुढे सरकवतं, त्यावर सही केलीत तर बारा आठवडेही जाऊ शकतात!

आणि हो, ब्लू कार्डवर असाल तर नोकरी गेल्याचं परदेशी नागरिकांच्या कार्यालयालाही दोन आठवड्यांत कळवावं लागतं. तिथे वेगळं पत्र, वेगळा नंबर.