भाकरीचा चतकोर

शहरांतील एका नव्या उपाहारगृहांत नुकताच जाण्याचा योग आला. खेडवळ जेवण चिमुकल्या बशांतून वाढावें, अशी तेथील रीत आहे. ज्वारीच्या भाकरीचा चतकोर, दोन चमचे पिठलें, बोटभर ठेचा. आणि प्रत्येक बशीचा दाम निराळा! चव उत्तम होती, हें प्रथम सांगितलें पाहिजे. पिठल्याची लसणाची फोडणी तर अगदीं घरची.

माझा आक्षेप आहे तो बशीच्या आकारास. स्पेन देशांत मद्याबरोबर चाखावयाचे पदार्थ अशा लहान बशांतून देतात. तेथें तें शोभतें. भाकरी ही चाखण्याची वस्तु नव्हे. शेतांत राबणाऱ्याचा तो दिवसभराचा आधार. तिचे तुकडे मोजून वाढले कीं पदार्थ तेवढा उरतो, जेवण नाहींसें होतें. शिवाय आपल्या भाषेंत चतकोर दारीं आलेल्या याचकास घालतात, हें त्या मालकास कोणी सांगितलें नसावें.

मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें म्हणून पाळिलें. तरीही आमच्या वर्गांत कित्येक मुलें डब्यांतील भाकरी झाकणाआड धरून खातात, आणि तीच भाकरी त्या बशींत आली म्हणजे वडील माणसें कौतुकानें तिचें छायाचित्र काढितात! मुलें हें पाहत असतात.

पालकांनीं तेथें अवश्य जावें. मात्र दुसऱ्या दिवशीं डब्यांत अख्खी भाकरी द्यावी, आणि ठेचा थोडा अधिक. शेजारचा मुलगा मागणारच.