कारभाराचा नकाशा

अलीकडे पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत एखादा मुलगा किंवा मुलगी संगणकाच्या धंद्यांत असतेच. घरांतील वडीलधाऱ्यांनीं "तुझें काम तरी काय?" असें विचारलें, तर "मी सिस्टिम्स ॲनालिस्ट आहें" एवढेंच उत्तर मिळतें, आणि विचारणाऱ्याचें समाधान होण्याऐवजीं त्याची जिज्ञासा मात्र वाढते. संगणकास आज्ञा लिहून द्याव्या लागतात, ही गोष्ट आतां सर्वांच्या परिचयाची झाली आहे. परंतु त्या आज्ञा लिहिण्यापूर्वीं वर्तुळें, बाण आणि चौकोन काढीत बसणारी ही मंडळी नेमकें काय करीत असतात, हें थोड्यांनाच ठाऊक असतें. या महिन्याच्या सदरांत त्याचाच विचार करावयाचा आहे. विषय रुक्ष वाटेल. पण ज्या घरांत दहा माणसें एकत्र नांदतात, त्या घराला तो वाटतो तितका परका नाहीं, हें वाचकांच्या लवकरच ध्यानांत येईल.

कोणतीहि कचेरी घ्या, पेढी घ्या किंवा इस्पितळ घ्या. तेथील कारभाराचा अर्धा भाग कागदांत असतो आणि अर्धा माणसांच्या डोक्यांत. जुना कारकून नव्याला सांगतो, "हें नेहमींप्रमाणें करा." नवा कारकून चार दिवस चुकतो, विचारतो, आणि शिकतो. यंत्राला मात्र "नेहमींप्रमाणें" हा शब्द कळत नाहीं. जें सांगितलें नाहीं, तें त्याच्या लेखीं अस्तित्वांतच नाहीं. म्हणून यंत्राच्या हातीं कारभार द्यावयाचा, तर आधीं तो कारभार माणसांनाच नीट समजला पाहिजे. आणि तो समजण्याचें अत्यंत उपयुक्त साधन म्हणजे चित्र.

ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. फ्रँक व लिलियन गिल्ब्रेथ या अमेरिकन दंपतीनें १९२१ सालींच कारखान्यांतील काम पायरीपायरीनें चित्रांत मांडण्याची पद्धति इंजिनियरांच्या सभेपुढें ठेविली होती. पुढें इंग्लंडांतील लायन्स ॲण्ड कंपनीनें कचेरीच्या कामासाठीं स्वतःचा संगणक बांधला. ही कंपनी यंत्रें करणारी नव्हे. ती चहा व केक विकणारी आणि गांवोगांवीं चहागृहें चालविणारी. तिच्या दोन अधिकाऱ्यांनीं १९४७ सालीं अमेरिकेस जाऊन तेथील संगणक पाहिले, केंब्रिज विद्यापीठांत चाललेल्या प्रयोगास कंपनीनें द्रव्यसाहाय्य केलें, आणि १९५१ च्या नोव्हेंबरांत 'लिओ' नांवाच्या तिच्या यंत्रावर बेकरीच्या मालाचा साप्ताहिक हिशेब नियमितपणें होऊं लागला. कचेरीच्या नित्य कामासाठीं राबलेला हा जगांतील पहिलाच संगणक समजला जातो.

या यशाचें रहस्य केवळ यंत्रांत नव्हतें. कामाची छाननी करून तें सोपें करणारें एक स्वतंत्र खातें या कंपनींत संगणक येण्याच्या कित्येक वर्षें आधींपासून होतें. चहागृहांचा माल पुरविण्याचें काम यंत्राकडे सोंपवितांना या संवयीचा उपयोग झाला. प्रत्येक चहागृहाची प्रत्येक वाराची ठराविक मागणी यंत्राजवळ नोंदलेली असे. चहागृहाच्या व्यवस्थापिका बाईंनीं टेलिफोनवरून फक्त त्या दिवसाचा फरक कळवावयाचा. पूर्ण यादी रोज पाठविण्याची गरजच उरली नाहीं. माहिती कोठून निघते, कोठें जाते आणि तींतील कोणती खरोखर नवी असते, एवढाच प्रश्न नीट विचारल्याचें हें फळ होय.

आरंभीं या कामीं जीं चित्रें काढीत, त्यांना 'फ्लोचार्ट' म्हणत. आधीं हें करा, मग तें करा, अमुक असेल तर इकडे वळा, नाहीं तर तिकडे, असा क्रम त्यांत दाखविलेला असे. एका लहान कामाला हें चित्र उत्तम. पण सबंध कचेरीचें असें चित्र काढूं लागलें, कीं भिंत पुरत नाहीं आणि पाहणाऱ्याची मति गुंग होते. तेव्हां टॉम डीमार्को या अमेरिकन लेखकानें १९७८ सालीं आपल्या ग्रंथांत एक निराळें चित्र पद्धतशीर रीतीनें मांडलें. त्याचें नांव 'डेटा फ्लो डायग्रॅम', म्हणजे माहितीच्या प्रवाहाची आकृति. आधीं काय व मागून काय, हें ती सांगतच नाहीं. माहिती कोठून कोठें वाहते, एवढेंच ती दाखविते.

तिचीं चिन्हें चारच. काम म्हणजे वर्तुळ. माहितीचा ओघ म्हणजे बाण. माहिती जेथें साठवून ठेवितात ती वही किंवा फाइल म्हणजे दोन समांतर रेघा. आणि आपल्या कारभाराबाहेरचा, पण त्याच्याशीं संबंध येणारा, तो चौकोन.

एक घरगुती उदाहरण घेऊं. घरांत वृद्ध आजोबा आहेत. त्यांना रक्तदाबाचीं, मधुमेहाचीं अशीं औषधें दिवसांतून तीन वेळां द्यावयाचीं असतात. डॉक्टर, औषधविक्रेता आणि स्वतः आजोबा हे तीन चौकोन झाले. वर्तुळें चार : डॉक्टरांस दाखविणें, औषध आणणें, वेळच्या वेळीं औषध देणें, आणि प्रकृतीकडे लक्ष ठेवणें. समांतर रेघांच्या जागा दोन : डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांची फाइल, आणि कपाटाच्या दारावर चिकटविलेली औषधांच्या वेळांची यादी. आतां बाण काढूं लागा. थोरला मुलगा आजोबांना डॉक्टरांकडे नेतो, चिठ्ठी आणतो व फाइलीस लावतो. औषध देण्याचें काम धाकट्या सूनबाईंकडे. त्या कपाटावरील यादी पाहून औषध देतात. येथवर सर्व ठीक दिसतें. पण डॉक्टरांनीं आज एक गोळी निम्मी केली. ही गोष्ट फाइलींतून यादींत कशी येते? चित्रांत तसा बाणच नाहीं! आजवर थोरला मुलगा रात्रीं जेवतांना तोंडीं सांगत असे, म्हणून भागत होतें. ज्या दिवशीं तो परस्पर गांवाला जाईल, त्या दिवशीं यादी जुनीच राहील आणि आजोबांच्या पोटांत दुप्पट औषध जाईल.

येथें या पद्धतीचा एक नियम पाहण्याजोगा आहे. दोन साठ्यांना नुसत्या बाणानें जोडतां येत नाहीं. एका वहींतील मजकूर आपण होऊन दुसऱ्या वहींत जात नसतो. मध्यें एक वर्तुळ काढावेंच लागतें, म्हणजे कोणीतरी तें काम करावेंच लागतें. "यादी सुधारणें" असें पांचवें वर्तुळ काढलें, कीं "हें काम कोणाचें?" हा प्रश्न समोर येऊन उभा राहतो. दुसरा नियम असा, कीं ज्या वर्तुळांत बाण येतात पण ज्यांतून एकहि बाहेर पडत नाहीं, तें संशयास्पद समजावें. आपल्या चित्रांतील "प्रकृतीकडे लक्ष ठेवणें" हें वर्तुळ पाहा. आजोबांना चक्कर आली हें नातीला दिसतें. पण तें डॉक्टरांच्या कानांवर जाण्याची वाट कोठें आहे? तसेंच, ज्या वर्तुळांत कांहींच येत नाहीं, पण ज्यांतून माहिती मात्र बाहेर पडते, तेंहि खोटें. शून्यांतून माहिती उत्पन्न होत नाहीं.

वर्तुळांत माणसाचें नांव न लिहितां कामाचें नांव लिहावें, असा आणखी एक संकेत आहे. डीमार्कोची रीत अशी, कीं आधीं आजचा कारभार जसा चालतो तसाच, नांवानिशीं काढावा. मग त्यांतील माणसें व वह्या बाजूस सारून निवळ काम काय आहे तें काढावें. नंतर तें काम कसें असावयास हवें तें काढावें. आणि शेवटीं नव्या व्यवस्थेंत कोणतें काम यंत्रानें व कोणतें माणसानें करावें तें ठरवावें. या रीतीचा एक लाभ एकत्र कुटुंबांत राहणारांना सहज पटेल. चित्र पुढें असलें म्हणजे "तुम्हीं सांगितलें नाहीं" आणि "तुम्हीं विचारलें नाहीं" हा वाद संपतो. दोष माणसाकडे न जातां रिकाम्या जागेकडे जातो; आणि रिकामी जागा भरून काढतां येते.

चित्र फार मोठें झालें तर? त्यासाठीं एका पानावर सुमारें सातच वर्तुळें ठेवावीं, आणि एखादें वर्तुळ अधिक उलगडावयाचें असेल तर त्याचें दुसऱ्या पानावर स्वतंत्र चित्र काढावें. मात्र वरच्या वर्तुळांत जेवढे बाण आंत येतात व बाहेर जातात, तेवढेच खालच्या पानावरहि आले पाहिजेत. जमाखर्चाचा मेळ बसावा, तसा हा मेळ बसला पाहिजे.

प्रवाहाच्या या चित्राला एक जोडचित्रहि आहे. पीटर चेन यांनीं १९७६ सालीं, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत असतांना, वस्तु आणि त्यांचे परस्परसंबंध दाखविणारी आकृति सुचविली. माहिती वाहते कशी हें पहिलें चित्र सांगतें. माहिती आहे तरी कशाविषयीं, हें दुसरें. आपल्या उदाहरणांत रोगी ही एक वस्तु व औषध ही दुसरी. मग "सकाळीं अर्धी गोळी" ही मात्रा कोठें लिहावयाची? रोग्याच्या नांवापुढें लिहिली, तर त्याचीं औषधें अनेक असतात. औषधाच्या नांवापुढें लिहिली, तर तेंच औषध आजीहि घेत असते. मात्रा या दोहोंपैकीं एकाचीहि नव्हे. ती त्यांच्या संबंधाची आहे. एवढी लहानशी गोष्ट वेळेवर न उमजल्यामुळें मोठमोठ्या नोंदवह्यांचा घोटाळा होऊं शकतो.

हें सर्व केवळ कागदी कौशल्य नव्हे, हें लंडन शहरानें १९९२ सालीं अनुभविलें. तेथील रुग्णवाहिकांच्या खात्याकडे दररोज २,००० हून अधिक बोलावणीं येत. कोणती गाडी कोठें पाठवावयाची हें तोंवर माणसें ठरवीत. तें काम २६ ऑक्टोबर १९९२ रोजीं सर्वस्वीं नव्या संगणक-व्यवस्थेकडे देण्यांत आलें. गाडी कोठें आहे व मोकळी आहे कीं कामांत, ही माहिती आपणांस जवळजवळ अचूक मिळत राहील, असें ती व्यवस्था गृहीत धरून चालली होती. प्रत्यक्षांत गाडीवरील माणसें घाईंत चुकीचें बटण दाबीत, कांहीं ठिकाणीं बिनतारी संदेश पोंचत नसत. माहिती चुकली, तशा गाड्या चुकीच्या जागीं जाऊं लागल्या. एका ठिकाणीं दोन, तर दुसऱ्या ठिकाणीं एकहि नाहीं. वाट पाहून कंटाळलेले लोक पुनः पुनः टेलिफोन करूं लागले, बोलावण्यांची गर्दी वाढली, आणि यंत्र अधिकच मंदावलें. दुसऱ्या दिवशीं पुष्कळसें काम पुनः माणसांच्या हातीं द्यावें लागलें, आणि ४ नोव्हेंबरला यंत्र साफच बंद पडलें. १९९३ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झालेल्या चौकशीच्या अहवालानें जीं कारणें दिलीं, त्यांत अवाजवी घाई, अपुरें शिक्षण आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांना योजनेंत न घेणें, हीं प्रमुख होतीं. पुढें १९९६ सालीं तेथें नवी व्यवस्था आली, ती टप्प्याटप्प्यानें आणि त्याच माणसांना विचारून उभारलेली. ती यशस्वी झाली.

एखाद्या आकृतीनें हा अनर्थ टळलाच असता, असें म्हणणें धाडसाचें होईल. कागदावर "गाडीचें ठिकाण" असा एक सुबक बाण काढणें अगदीं सोपें असतें. पण तोच कागद घेऊन कोणी गाडी हांकणाऱ्यापुढें बसता, तर "साहेब, या बाणाचा भरंवसा धरूं नका" असें त्यानें सांगितलें असतें. चित्राचें खरें कार्य हेंच. तें यंत्रासाठीं नसतें. ज्याला काम ठाऊक आहे पण यंत्र ठाऊक नाहीं, आणि ज्याला यंत्र ठाऊक आहे पण काम ठाऊक नाहीं, अशा दोघांना एकाच कागदावर बोट ठेवून "येथें चुकतें आहे" असें म्हणतां यावें, म्हणून तें असतें.

हा हेतु विसरला, कीं याच पद्धतीचें कर्मकांड होतें. ब्रिटिश सरकारनें १९८३ सालीं आपल्या संगणक-योजनांसाठीं अशी एक सविस्तर पद्धति अनिवार्य केली. तिनें शिस्त आली, पण कागदांचे भारेहि आले. १९९७ सालीं 'युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज' या नांवानें निरनिराळ्या आकृतींची एक समाईक चित्रलिपि मान्य झाली. तिचींहि चिन्हें इतकीं वाढलीं, कीं सामान्य कारकुनाला तीं वाचतां येईनात. त्याची प्रतिक्रिया म्हणून २००१ सालीं अमेरिकेंतील यूटा प्रांतांत जमलेल्या १७ तज्ज्ञांनीं, जाडजूड दस्तऐवजांपेक्षां चालता कार्यक्रम आम्ही अधिक मोलाचा मानतों, असा जाहीरनामा काढला. आतां तर चार वाक्यें सांगितलीं असतां यंत्रच आकृति काढून देतें. सोय मोठी आहे. पण ज्या चित्रावर कोणी बोट ठेवून हरकत घेतलेली नाहीं, तें कितीहि सुबक असलें तरी कारभाराचा नकाशा नव्हे, भिंतीवरची शोभा होय.

तेव्हां वाचकांस एक सुचवावेंसें वाटतें. घरांतील औषधांचा, विम्याच्या हप्त्यांचा किंवा बँकेच्या खात्यांचा कारभार बहुधा एकाच कोणाच्या तरी डोक्यांत असतो. एखाद्या रविवारीं सर्वांनीं बसून त्याचें असें चित्र काढावें, आणि तें आधीं त्या माणसाला दाखवावें. तीं वर्तुळें व ते बाण पाहून तो पहिलें वाक्य बहुधा असें म्हणेल, "छे, असें नाहीं तें!" त्याच वाक्यासाठीं एवढा खटाटोप असतो. तें तो सांगावयास आहे, तोंवर ऐकून घ्यावें.