‘रक्तातच आहे’ हे खरे का?

मधल्या सुट्टीत नळावरच्या नंबरावरून दोन मुलांची जुंपते. एकाचा सदरा फाटतो, दुसऱ्याच्या ओठातून रक्त येते. गुरुजी धावत येऊन भांडण सोडवतात. तेवढ्यात कोणीतरी म्हणते, “याचा बापही असाच होता. रक्तातच आहे ते!” हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. कदाचित कोणाविषयी उच्चारलेही असेल. ते मोठे शास्त्रीय वाटते, पण माझ्या मते ते अर्धवट ज्ञानावर उभे आहे आणि अर्धवट ज्ञान फार घातक असते. ते कसे, ते पाहू.

आधी या वाक्यातला खरा भाग मान्य करू. राग आला की छाती धडधडते, मुठी आवळल्या जातात. आपल्या मेंदूत बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग आहे. धोका ओळखून तो शरीराला सावध करतो. कपाळामागचा भाग मात्र त्याला आवर घालण्याचे काम करतो. हा भाग पूर्ण विकसित व्हायला वयाची विशी उलटावी लागते. तेव्हा भांडणाची सामग्री जन्मतःच आपल्याजवळ असते, यात शंका नाही.

कॉनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९६३ साली एक पुस्तक लिहून याच्याही पुढचे पाऊल टाकले. आक्रमकता ही भुकेसारखी उपजत प्रेरणा आहे, असे त्याने मांडले. टाकीत पाणी साठावे तशी ती साठत जाते आणि तिला वाट करून द्यावी लागते, असे त्याचे म्हणणे होते. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाबद्दल १९७३ साली त्याला नोबेल पारितोषिकही विभागून मिळाले. पण टाकीची ही कल्पना पुढे टिकली नाही. २००२ साली अमेरिकेत ६०० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. ज्यांनी आपल्याला चिडवणाऱ्याला आठवत पिशवीवर ठोसे मारले, त्यांचा राग उतरण्याऐवजी वाढलेला आढळला. म्हणजे उशी बडवून राग जातो, हा समज चुकीचा ठरला.

मग आक्रमकता शिकली जाते का? १९६१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा याने ७२ लहान मुलांवर एक प्रयोग केला. त्यांतील काहींच्या देखत एका मोठ्या माणसाने हवेने फुगवलेल्या बाहुल्याला हातोडीने मारले, लाथा घातल्या. नंतर मुलांना तशाच बाहुल्याजवळ सोडले. ज्यांनी ती मारहाण पाहिली होती, त्यांनी तिची हुबेहूब नक्कल केली. तुम्ही म्हणाल, बाहुल्याला मारणे म्हणजे माणसाला मारणे नव्हे. हा आक्षेप योग्यच आहे. परंतु मुले नुसते पाहूनही शिकतात, एवढे तर त्यातून नक्कीच कळते.

आता ‘रक्ता’कडे वळू. १९९३ साली नेदरलँड्समधील एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील काही पुरुषांच्या एका जनुकात बिघाड होता आणि ते एकाएकी हिंसक होत. झाले! वर्तमानपत्रांना ‘भांडखोरीचे जनुक’ सापडले. पण असा बिघाड अत्यंत विरळ आहे. त्याच जनुकाचा पुष्कळ लोकांत आढळणारा मंद प्रकार शास्त्रज्ञांनी न्यूझीलंडमधील मुलांमध्ये तपासला. २००२ साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की नुसत्या त्या जनुकाने मुले हिंसक झाली नव्हती. ज्यांना लहानपणी मारझोड आणि छळ सोसावा लागला, त्यांच्यातच त्याचा परिणाम ठळक दिसला. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हा संबंध इतका स्पष्ट आढळला नाही. तरी बी आणि जमीन यांचा विचार एकत्रच करावा लागतो, हे शेतकऱ्याला ठाऊक असलेले सत्य येथेही लागू पडते.

केनियातील बबून माकडांची हकीकत तर याहून बोलकी आहे. १९८०च्या दशकात एका कळपातील सर्वांत दांडगे नर उकिरड्यावरचे दूषित मांस खाऊन क्षयाने मेले. मागे राहिले ते शांत नर आणि माद्या. पुढे बाहेरून नवे नर आले, तेही हळूहळू त्या कळपाच्या सौम्य वागण्यात मुरले. रॉबर्ट सॅपोल्स्की आणि लिसा शेअर यांनी हे निरीक्षण २००४ साली प्रसिद्ध केले. माकडांना जे जमते, ते आपल्याला का जमू नये?

आता हे ज्ञान अर्धवट असले म्हणजे काय होते, ते पाहा. १८७१ साली ब्रिटिश सरकारने एक कायदा करून काही जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. कोणताही गुन्हा न केलेल्या माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. सोलापूरला तर कुटुंबेच्या कुटुंबे तारेच्या कुंपणाआड ठेवली होती. त्या कुंपणाआड जन्मलेल्या बाळाने कोणता गुन्हा केला होता? देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, या जमाती कायद्यातून मुक्त झाल्या. परंतु संशयाची नजर अजूनही त्यांच्या मुलांना शाळेत भेटते. ‘रक्तातच आहे’ या एका वाक्याची ही किंमत आहे.

म्हणून माझे एक सांगणे आहे. वर्गातल्या भांडखोर मुलाने कोणाला मारले, तर ती चूकच आहे आणि त्याला ती सांगितलीच पाहिजे. पण त्याच्या बापाचा, जातीचा, रक्ताचा उद्धार करू नका. तो सकाळी जेवून आला होता का, घरी त्याला कोण मारते, त्याला कोण चिडवत होते, हे विचारून पाहा. शास्त्रज्ञही कारण शोधताना असेच प्रश्न विचारत जातो. आणि तुम्हाला स्वतःला राग आला, तर उशी बडवू नका. थोडे बाजूला व्हा, पाणी प्या, कपाळामागच्या त्या मेंदूला काम करायला दोन मिनिटे द्या. उद्याच्या मधल्या सुट्टीत हा प्रयोग अवश्य करून पाहा.