तेराव्या दिवशीचे गोड

दरवर्षी नोव्हेंबरची सव्वीस तारीख आली की शाळाशाळांतून संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन होते, संध्याकाळी चौकात मेणबत्त्या लागतात, आणि वृत्तपत्रांतून हुतात्म्यांची छायाचित्रे छापून येतात. आम्हीही ती छापतो, आणि ते योग्यच आहे. पण २००८ सालच्या त्या आठवड्यात आपल्या स्वतःच्या मनात काय काय येऊन गेले, याची नोंद मात्र कोणी करीत नाही. ती नोंद फारशी शोभिवंत नाही, हे त्याचे कारण असावे. पहिल्या पानावरील ही जागा आम्ही एरवी निवडणुका, महापूर आणि मोठ्या माणसांचे मृत्यू यांसाठी राखून ठेवतो. आज ती या नोंदीसाठी घेत आहोत.

मुंबईवरच्या हल्ल्याचे दुःख विष्णुपुरीत बसून कोणी सांगावे, असे एखादा वाचक विचारील. प्रश्न रास्त आहे. गोदावरीच्या बंधाऱ्यापासून ते शहर सुमारे सहाशे किलोमीटर दूर आहे. तथापि मराठवाड्यातल्या सुशिक्षित घरांपैकी ज्या घरातले एक तरी माणूस मुंबईच्या दिशेने गेलेले नाही, असे घर शोधूनच काढावे लागेल. आमच्यासाठी मुंबई म्हणजे ताजमहाल हॉटेल नव्हे आणि गेटवेही नव्हे. आमच्यासाठी मुंबई म्हणजे छत्रपती शिवाजी टर्मिनस, जिथे देवगिरी एक्सप्रेसमधून पहाटे डोळे चोळीत उतरायचे आणि जिथे परतीच्या गाडीची वाट पाहत वळकटीवर बसून राहायचे. त्या बुधवारी रात्री त्या स्थानकात जी ५८ माणसे मेली, ती अशीच सामानावर बसलेली होती. गाव कुठलेही असो, बसण्याची ती पद्धत आम्ही ओळखतो.

आम्ही त्या वेळी संपादक नव्हतो, शाळामास्तर होतो. आमचा एक भाचा फोर्टातल्या कचेरीत नोकरीला होता आणि कल्याणला राहून रोज याच स्थानकावरून लोकल पकडीत असे. रात्री दहाच्या सुमारास बातमी दिसली आणि त्याचा फोन लागेना. आमच्या शेजारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुंबईकडची मुले हातात मोबाईल घेऊन रस्त्यावर येरझारा घालीत होती. त्यांचेही फोन लागत नव्हते. मध्यरात्रीनंतर दीड वाजता भाच्याचा आवाज कानावर पडला. त्याला त्या दिवशी थोडा ताप होता, म्हणून तो संध्याकाळीच घरी गेला होता. बहिणीला रडू कोसळले आणि आम्ही देवापुढे दिवा लावला. तो दिवा लावीत असताना दूरचित्रवाणीवर फलाटावरचे रक्त दिसत होते, आणि आमच्या मनात आनंदावाचून दुसरे काही नव्हते. कुठल्याही संकटात माणूस आधी आपली माणसे मोजतो. याला स्वार्थ म्हणावे की निसर्ग म्हणावे, हे आम्हाला आजही ठरवता आलेले नाही.

पुढचे तीन दिवस आम्ही पडद्यासमोरून हललो नाही. शाळेत गेलो, शिकवले, परत आलो आणि पुन्हा समोर बसलो. याला शोक म्हणण्याचा प्रघात आहे; पण सत्य सांगायचे तर त्यात कुतूहलाचा भाग मोठा होता, आणि कुतूहलाच्या पोटात लपलेला एक प्रकारचा रसही होता. कमांडो नरिमन हाउसच्या गच्चीवर दोरावरून उतरले तेव्हा घरातली मुले ओरडली, आणि आम्ही त्यांना गप्प केले नाही. कॅमेरे ताजच्या घुमटावर खिळलेले होते. स्थानकात मेलेल्यांची कहाणी पहिल्या रात्रीच संपली होती, कारण तिथे आता जळणारे काही उरले नव्हते. ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडा असे सांगत राहिलेले रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे, कामा रुग्णालयात गरोदर बायांना सुरक्षित खोलीत हलवणाऱ्या परिचारिका अंजली कुलथे, आणि गिरगाव चौपाटीवर केवळ लाठीच्या बळावर बंदुकीला भिडलेले साताऱ्याकडचे तुकाराम ओंबळे ही माणसे आम्हाला नंतर सावकाश कळली. कसाब जिवंत हाती लागला तो ओंबळे यांच्यामुळे. त्याच्यावर खटला चालला, अपिले झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. त्या सकाळी आम्हाला समाधान वाटले, पण ते अपेक्षेपेक्षा बरेच कमी होते.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो, तिच्याकडे वळतो.

हल्ल्यानंतर जबाबदारी कोणाची हा प्रश्न निघाला, आणि तो नेमका मराठवाड्याच्या अंगणात येऊन पडला. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील चाकूरकर हे लातूर जिल्ह्याचे. त्यांनी ३० नोव्हेंबरला राजीनामा दिला. मुख्यमंत्री विलासराव देशमुख हे बाभळगावचे, म्हणजे तेही लातूरचेच. ताजच्या पाहणीला जाताना त्यांच्यासोबत एक चित्रपट दिग्दर्शक दिसले आणि लोकांचा उरलासुरला धीर सुटला. उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील त्यांच्या एका बेसावध वाक्यापायी आधीच गेले होते. विलासरावांनाही जावे लागले, आणि ८ डिसेंबर २००८ रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली ती नांदेडच्या अशोकराव चव्हाणांनी.

लातूरची दोन माणसे गेली आणि नांदेडचे एक आले. या दोन जिल्ह्यांतली ईर्षा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आम्ही काय सांगतो आहोत ते अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही. लातूरकर मंडळी आपल्या माणसावर अन्याय झाला म्हणून हळहळत होती. इकडे आमच्या गल्लीत मात्र पेढे वाटले जात होते. शंकररावांनंतर वीस वर्षांनी मुख्यमंत्रिपद नांदेडला परत आले, आता पाणी येईल, रस्ते होतील, कचेऱ्या येतील, असा हिशेब सुरू झाला. शिक्षकांच्या खोलीत एक पुडी आली. आम्ही तिच्यातला पेढा खाल्ला आणि तो आम्हाला गोड लागला.

रात्री घरी आल्यावर सहज बोटे मोजली. सव्वीस नोव्हेंबर हा पहिला दिवस धरला, तर आठ डिसेंबर हा तेरावा दिवस. आमच्याकडे तेराव्याला गोड जेवण करतात. सुतक संपले, आता संसाराला लागा, असा त्याचा अर्थ. पण ते गोड मृताच्या घरचे असते आणि त्याच्या नावाने असते. आम्ही खाल्लेला पेढा कोणाच्या नावाचा होता? १६६ माणसे मेली नसती तर ती पुडी शिक्षकांच्या खोलीत आली नसती, हे साधे गणित त्या खोलीतल्या एकाही मास्तराने, त्यात आम्हीही आलो, मोठ्याने मांडले नाही. यात अशोकरावांचा दोष आम्ही काढीत नाही. पद रिकामे झाले आणि पक्षाने ते त्यांना दिले. दोष काढायचाच तर आमच्या जिभेचा काढावा लागेल.

योगायोग असा, की मुंबईत १२ मार्च १९९३ रोजी स्फोट होऊन २५७ माणसे मेली तेव्हा केंद्रात गृहमंत्री होते ते आमचे शंकररावच. विष्णुपुरीच्या ज्या जलाशयाकडे पाहत आम्ही हे लिहीत आहोत, त्याला त्यांचेच नाव आहे. देशाच्या गृहखात्याची किल्ली दोन मोठ्या हल्ल्यांच्या वेळी मराठवाड्याच्या हाती होती, ही गोष्ट आम्ही अभिमानाच्या यादीत घालतो. तिची दुसरी बाजू वाचण्याची सवय आम्ही लावून घेतलेली नाही.

त्याच दिवसांतली आणखी एक आठवण. इतवाऱ्यातल्या एका दुकानातून आम्ही कित्येक वर्षे चहाची पूड घेत असू. दुकानदार मुसलमान, आमच्याच वयाचे. त्यांची दोन मुले आमच्या हाताखाली शिकलेली. त्या आठवड्यात दुकानाकडे जाताना पाय क्षणभर जड झाले. का, ते आम्हाला त्याच क्षणी समजले आणि स्वतःची लाजही वाटली. पण पाय जड झाले होते हे खरे. दुकानात एरवी पाऊसपाण्यापासून क्रिकेटपर्यंत सर्व विषय निघत. त्या दिवशी कोणताच निघाला नाही. पुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, “सर, तुमचं कोणी होतं का तिकडं?” आम्ही म्हणालो, “भाचा होता. सुखरूप आहे.” ते म्हणाले, “अल्लाचा शुक्र. आमचेबी दोघं आहेत, भायखळ्याला.” आम्ही पैसे दिले आणि निघालो. त्यांच्या दोघांविषयी विचारायचे राहून गेले, हे वजिराबादपर्यंत आल्यावर ध्यानात आले. मेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या दफनभूमीत जागा देण्यास मुंबईतल्या मुसलमानांच्या संस्थेने साफ नकार दिला, ही बातमी त्यानंतर थोड्याच दिवसांत वाचली. तो नकार जाहीर करण्याची वेळ त्यांच्यावर यावी याचे आम्हाला तेव्हा काहीच वाटले नाही, आज वाटते.

हेमंत करकरे त्या रात्री कामटे आणि साळसकर यांच्यासह मारले गेले. त्याआधीचे काही आठवडे मालेगावच्या स्फोटाच्या तपासावरून करकरे यांच्यावर अतिशय कडवट टीका चालू होती. आमच्या परिचयातल्या एका गृहस्थांनी ती टीका आमच्या ओसरीवर बसून तावातावाने केली होती. तेच गृहस्थ तीस तारखेला करकऱ्यांच्या छायाचित्राला हार घालण्यात पुढे होते. दोन्ही वेळी ते मनापासून बोलत होते, असे आमचे मत आहे. मनाला विसंगतीची अडचण होत नाही.

आणि मुंबईचेच कशाला? ६ एप्रिल २००६ रोजी खुद्द नांदेडच्या पाटबंधारे नगरात एका घरात स्फोट झाला आणि दोन तरुण मेले. घर आमच्यासारख्याच माणसांचे, वस्ती आमच्यासारखीच, आडनावे ओळखीची. त्या वेळी गावात संताप नव्हता. गाव गप्प झाले होते. लोक विषय बदलीत, आणि आम्हीही बदलला. तपास राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाकडून केंद्राच्या अन्वेषण विभागाकडे गेला, खटला जवळजवळ एकोणीस वर्षांनी संपला, आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने हयात असलेल्या सर्व आरोपींना निर्दोष सोडले. न्यायालयाचा निर्णय आम्ही शिरोधार्य मानतो. पण २०१२ साली याच शहरातल्या ज्या दोन मुसलमान तरुणांना दहशतवादाच्या आरोपाखाली पकडले आणि जे २०२१ साली निर्दोष ठरले, त्यांच्या निकालाला गावाने तितक्याच मोकळेपणाने शिरोधार्य मानले होते काय? अटकेची बातमी सर्वांना पाठ होती. सुटकेची बातमी किती जणांनी वाचली, हे आम्ही आमच्या कचेरीत आलेल्या पत्रांवरून सांगू शकतो. एकही पत्र आले नव्हते.

२०२५ सालच्या जुलै महिन्याने या साऱ्यावर जणू प्रात्यक्षिकच करून दाखवले. २१ तारखेला उच्च न्यायालयाने २००६ च्या उपनगरी गाड्यांतल्या स्फोटांच्या खटल्यात बाराही जणांची शिक्षा रद्द केली. त्यांतल्या पाच जणांना खालच्या न्यायालयाने फाशी सुनावली होती, आणि एक जण तर तोवर तुरुंगातच मरण पावला होता. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांनी त्या निकालाचा दाखला म्हणून उपयोग करण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही. ३१ तारखेला विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव खटल्यातल्या सातही जणांना सोडले. म्हणजे दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले, आणि दोन्हींचे सार एकच: पुरावा पुरेसा नाही. गाड्यांत मेलेल्या १८९ जणांचा आणि भिक्कू चौकात मेलेल्या सहा जणांचा खुनी कोण, याचे उत्तर आज आपल्या न्यायव्यवस्थेपाशी नाही. ज्यांची उमेदीची वर्षे कोठडीत गेली त्यांना भरपाई देण्याचा स्वतंत्र कायदाही नाही. विधी आयोगाने २०१८ सालच्या आपल्या २७७ व्या अहवालात तशी शिफारस केली होती. तो कायदा व्हावा, आणि मृतांच्या नातेवाइकांना तपासाच्या अपयशाचा जाब विचारण्याचा हक्कही त्याच कायद्यात असावा, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. या बाबतीत मराठवाड्यातल्या खासदारांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, संसदेत तोंड उघडावे.

त्या दहा दिवसांत आमच्या टेबलावर एका नेहमीच्या पत्रलेखकाची दोन पत्रे आली. पहिल्यात, मेलेल्यांना न्याय कोण देणार, असा आक्रोश होता. दुसऱ्यात, अखेर सत्याचा विजय झाला म्हणून आनंद होता. मेलेल्यांचा उल्लेख दुसऱ्यात नव्हता. याच सुमारास दुसऱ्या एका वाचकाचीही दोन पत्रे आली. त्यांत आनंद आधी होता आणि आक्रोश नंतर. चारही पत्रांची भाषा चांगली होती, शुद्धलेखनही निर्दोष होते. गावात उगाच कटुता नको म्हणून आम्ही त्यांपैकी एकही छापले नाही. ती चारही आम्ही खणात जपून ठेवली आहेत, आणि एकाच पानावर शेजारी शेजारी छापायला हवी होती, असे आता वाटते.