निर्णयाआधीचा अभ्यास

पावसाळा लागला की नागपुरातील वस्त्यावस्त्यांत वृक्षारोपणाचे कार्यक्रम सुरू होतात. खड्डा, रोप, छायाचित्र आणि अल्पोपाहार हा क्रम ठरलेला असतो. पुढच्या उन्हाळ्यात त्या रोपांची मोजदाद करणारी संस्था मात्र विरळा. काही वर्षांपूर्वी एका प्रस्तावित प्रकल्पामुळे अजनी वनातील झाडांवर गंडांतर आले, तेव्हा अनेक नागरिक निषेधासाठी एकत्र आले. ते योग्यच झाले. कुऱ्हाड दाराशी आली की माणसे जमतात. परंतु कुऱ्हाड दृष्टिपथात नसतानाही केवळ समजून घेण्यासाठी जमणारी माणसे पाहावयाची असतील, तर गडचिरोली जिल्ह्यात जावे लागेल.

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या मार्गावर सुमारे ३० किलोमीटरवर मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव आहे. लोकवस्ती सुमारे ५००. इचमपल्ली व भोपालपटनम या नियोजित धरणांच्या विरोधात १९८०च्या दशकात जे ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले, त्यातून या गावाला स्वशासनाची प्रेरणा मिळाली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा पुढे दूरवर पोहोचली. गावाचे नेतृत्व देवाजी तोफा यांनी केले आणि त्यांना साथ दिली ती ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी. आपल्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी लावणारे हे गृहस्थ गावाला उपदेश करण्यासाठी नव्हे, तर गावाबरोबर शिकण्यासाठी तेथे गेले, हे विशेष.

मेंढ्याची घोषणा सर्वांना ठाऊक असते. तेथील ‘अभ्यासगट’ मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. वास्तविक या गावाचे मर्म तेथेच आहे. ज्या विषयाची गरज वाटते, त्यावर इच्छुकांनी एकत्र बसावयाचे, बाहेरच्या जाणकाराला बोलवावयाचे, शंका विचारावयाच्या. अभ्यासगटाने निर्णय मात्र घ्यावयाचा नाही. तो अधिकार ग्रामसभेचा, आणि तोही बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने वापरावयाचा. एकाचा विरोध असेल तरी विषय पुढे ढकलला जातो. (चाळीस सदनिकांच्या संकुलाला भिंतीचा रंग ठरविण्यास किती महिने लागतात, याचा अनुभव असलेल्या वाचकांना ही पद्धत अशक्यप्राय वाटेल. तेथेही ती सोपी नाही, वेळ जातोच.)

मधाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आग्या मोहोळाचा मध काढण्याची जुनी रीत म्हणजे रात्री पोळ्याखाली जाळ धरावयाचा. त्यात असंख्य माश्या होरपळत आणि मधाबरोबर अंडी व अळ्याही पिळल्या जात. अभ्यासगटात हा विषय निघाला. मधमाश्यांचे वर्ध्याचे अभ्यासक गोपाल पालीवाल यांचे मार्गदर्शन गावाला मिळाले. माशी फुलाफुलांवर जाते म्हणून फळ धरते, फळ धरते म्हणून बी पडते आणि बी पडते म्हणून जंगल पुन्हा उगवते, ही साखळी लोकांनी समजून घेतली. त्यानंतर संरक्षक पोशाख घालून, जाळ न करता, पोळ्याचा केवळ मधाचा भाग कापून घ्यावयाचा आणि पिल्लांचा भाग राखावयाचा, ही पद्धत रुजली. माश्या जगतात आणि त्याच पोळ्यात पुन्हा मध भरतात. ज्या घरांत मध पिढ्यान्‌पिढ्या वर्ज्य आहे, त्या घरांतील वाचकांनाही हा बदल महत्त्वाचा वाटेल. तो ना कायद्याने आला, ना कोणाच्या शपथेने.

या तयारीचा उपयोग पुढे झाला. वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला. सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार त्याने ग्रामसभेला दिला. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढा होते. तरीही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी झगडावे लागले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचे अधिकार ग्रामसभेच्या हाती आले. २०१३ मध्ये गावाने आपली शेतजमीनही ग्रामदान कायद्यान्वये ग्रामसभेला अर्पण केली. तिच्या रीतसर मान्यतेसाठी मात्र उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दार ठोठवावे लागले.

हक्क मिळाला म्हणजे हिशेब आला. बांबूच्या बेटातील कोवळे कोंब आणि त्यांना आधार देणारे बांबू राखावयाचे, पक्व झालेले तेवढे तोडावयाचे, तोडलेल्या क्षेत्राला काही वर्षांची विश्रांती द्यावयाची. मुद्दलाला हात न लावता व्याजावर संसार करण्याचाच हा प्रकार. त्यासाठी मोजणी लागते, नोंदवही लागते, बँकेतील खाते आणि ताळमेळ लागतो. उत्साही गटांची गाडी अडते ती बहुधा येथेच. झाडांवरील प्रेम कमी पडत नाही. कीर्द-खतावणी कमी पडते.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने एक पाऊल पुढे टाकले. २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर वनावर हक्क मिळाल्यावर या गावाने बांबूचा व्यवसाय स्वीकारला, पण तेंदूपानांचा नाकारला. पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, नवी पालवी यावी म्हणून जंगलाला आग लावली जाते आणि तेंदूच्या फळांवर जगणारे पशुपक्षी उपाशी राहतात, हे कारण. उन्हाळ्यात हातात रोकड देणारे तेंदूपान विदर्भातील खेड्याने सोडणे म्हणजे काय, हे त्या भागात ज्यांनी पीककर्जाची वसुली पाहिली आहे, त्यांनाच नीट कळेल.

नागपूरकरांना शिकण्याची सोय घराजवळही आहे. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय याच शहरात आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि लोकांच्या सहभागाने नोंदवही तयार व्हावी, अशी तरतूद आहे. आपल्या प्रभागाची नोंद पाहण्यास मागणे, हा कोणत्याही गटाचा पहिला पाठ होऊ शकतो. अमरावती मार्गावर १९७६ साली स्थापन झालेला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आहे. देशभरच्या मातीचे नकाशे करणारी ही संस्था आपल्या गावात आहे, हे किती रहिवाशांना ठाऊक असेल? गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठानेही ग्रामसभांच्या प्रशिक्षणाचे काम हाती घेतले आहे.

मेंढा किंवा पाचगाव येथे जाऊ इच्छिणाऱ्या गटांनी ग्रामसभेला आधी कळवून, तिच्या सोयीने जावे. सहलीच्या मोठ्या बसपेक्षा पाच-सात जणांचा गट बरा. दिवाळीनंतर हवा चांगली असते. सोबत कोरी वही न्यावी, आणि परतल्यावर गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांपैकी किती जगली, ही नोंद त्याच वहीच्या पहिल्या पानावर करावी.