वाखाचा भाव आणि गाडीचे भाडे

आर्णी तालुक्यात गेल्या काही हंगामांपासून एक नवीनच प्रश्न कानी येऊ लागला आहे. पूर्वी शेतकरी बंधू कार्यालयात आले म्हणजे बोंडअळी, तुरीवरील मर किंवा खताची मात्रा यांविषयी विचारीत. आता एखादा तरुण शेतकरी मोबाईलवरील चित्र पुढे करतो आणि म्हणतो, "साहेब, हे हेम्प आपल्याकडे होईल का? धागा निघतो, तेल निघते, औषध निघते म्हणतात, अन् पाणीही कमी लागते." प्रश्न रास्त आहे. कापसाच्या वाढत्या खर्चाने पिचलेला मनुष्य नव्या पिकाकडे आशेने पाहील, तर त्यात नवल नाही. परंतु पीक होईल की नाही, हा प्रश्न माझ्या मते दुसरा होय. तो माल धुऱ्यावरून निघून गिऱ्हाइकाच्या दारी किती खर्चात पोचेल, हा पहिला. आपल्या विस्तारकार्यात या पहिल्या प्रश्नाकडे आपण फारच कमी लक्ष देतो, आणि त्या दोषात मीही सहभागी आहे, हे पुढे सांगणारच आहे.

प्रथम नावांचा घोटाळा दूर करणे जरूर आहे. इंग्रजी व्यापारी भाषेत कितीतरी वाखांना हेम्प म्हणतात. आपल्या अंबाडीला दख्खन हेम्प असे नाव आहे, तर हिरवळीच्या खतासाठी आपण जो बोरू पेरतो, ज्यास कोठे ताग तर कोठे सण म्हणतात, त्यास सन हेम्प म्हणतात. अंबाडी ही भेंडीच्या व कापसाच्या कुळातील, आणि बोरू हा द्विदल. या दोहोंचा भांगेच्या झाडाशी काडीचाही संबंध नाही. ज्या हेम्पचे चित्र मोबाईलवर दिसते ते मात्र भांगेचेच झाड. त्यातील मादक द्रव्य कमी असलेले वाण निवडून काही देशांत धाग्यासाठी व बियांसाठी लावतात. "हेम्पचे बियाणे" म्हणून कोणी पुडी विकावयास आला, तर ती यांपैकी कशाची, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने आधी विचारावे.

भांगेच्या झाडाची लागवड परवान्यावाचून करता येत नाही. गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीच्या १९८५ च्या कायद्याप्रमाणे तो गुन्हा असून त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. याच कायद्याच्या कलम १४ अन्वये शासनास धागा व बी यांकरिता लागवडीची परवानगी देता येते. उत्तराखंडाने २०१८ मध्ये तशी वाट मोकळी केली, परंतु तेथेही मादक द्रव्याचे प्रमाण ०.३ टक्क्यांहून अधिक चालत नाही. ज्या सीबीडी नावाच्या औषधी द्रव्याची इतकी चर्चा आहे, ते मुख्यत्वे या झाडाच्या फुलोऱ्यात असते. आणि फुलोऱ्याचा शेंडा म्हणजेच कायद्याच्या भाषेत गांजा. तेव्हा सीबीडीच्या मोहाने कोणी तुरीच्या ओळीत चार झाडे दडविली, तर त्यास औषधी शेती असे कोणी म्हणणार नाही.

वाहतुकीची गोष्टही येथूनच सुरू होते. असा माल वाहणारी गाडीदेखील या कायद्याखाली सरकारजमा होऊ शकते. आपणास ठाऊक नव्हते व योग्य ती खबरदारी घेतली होती, हे गाडीमालकास सिद्ध करावे लागते. अशी जोखीम साध्या भाड्यात कोण पत्करील? अमेरिकेत डिसेंबर २०१८ मध्ये नव्या शेती कायद्याने कमी मादक हेम्प हे शेतमाल म्हणून मान्य झाले. पुढच्याच महिन्यात, म्हणजे जानेवारी २०१९ मध्ये, ऑरेगॉनहून कोलोरॅडोकडे जाणारा सुमारे तीन टन हेम्पचा ट्रक वाटेत आयडाहो राज्याच्या पोलिसांनी अडविला, माल जप्त केला व चालकास अटक केली. कागद होते, परंतु त्या राज्याचा कायदा निराळा होता. चेकनाक्यावर उभ्या असलेल्या शिपायास डोळ्यांनी पाहून कमी मादक आणि अधिक मादक झाड वेगळे ओळखता येत नाही. ही परदेशातील हकीगत येथे देण्याचे कारण इतकेच की, माल मोकळा झाला म्हणजे रस्ता मोकळा होतोच असे नाही.

परंतु समजा, उद्या परवाना मिळाला. मग तरी गणित जमते काय?

आर्णीस रेल्वे नाही. मुर्तिजापूर ते यवतमाळ ही कापसासाठी घातलेली अरुंद रुळांची शकुंतला गाडी आता बंद आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मार्गापैकी वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, परंतु तो मार्ग पुढे दारव्हा, दिग्रस, पुसद असा जावयाचा आहे, आर्णीवरून नव्हे. म्हणून आपला सर्व भार नागपूर–तुळजापूर या राष्ट्रीय महामार्गावर आहे, व तो पुढेही तसाच राहील.

रस्त्यावरील भाड्याचा नियम सोपा आहे. गाडीवाला क्विंटलचे भाडे सांगत असला तरी मनात तो खेपेचे सांगतो. गाडी वजनाने भरो की आकाराने, डिझेल, चालक आणि टोल तेच. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. प्रत्यक्ष दर प्रत्येकाने आपल्या ठिकाणी विचारावे. एका ट्रकची खेप १२,००० रुपयांस ठरली व तो १० टन वाहतो. त्यात तूर भरली तर १०० क्विंटल बसेल आणि क्विंटलला १२० रुपये पडतील. सुटा कापूस भरला व तो ४० क्विंटलच बसला, तर ३०० रुपये. न सोललेली वाळकी हेम्पची काडी भरली आणि ती २० क्विंटलच मावली, तर ६०० रुपये. या काडीत वाख सुमारे चौथाच हिस्सा असतो, बाकीचा आतला भुसभुशीत गाभा. म्हणजे २० क्विंटल काडीत वाख ५ क्विंटल, आणि वाखाच्या एका क्विंटलवर भाडे २,४०० रुपये! ज्यूट हा या जातीच्या जाड्याभरड्या धाग्यांचा नमुना मानला, तर २०२५–२६ च्या हंगामात कच्च्या ज्यूटचा किमान आधारभाव क्विंटलला ५,६५० रुपये होता. पाच भागांपैकी दोन भागांहून अधिक रक्कम चाकाखाली गेली. ज्या देशांत हे पीक धाग्यासाठी रुळले आहे तेथे काडी सोलण्याचे कारखाने शेताजवळ का असतात, हे यावरून ध्यानात येईल.

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालगाड्यांच्या आसांवरील भारमर्यादा वाढविली. दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. सिमेंट, साखर, धान्य वाहणाऱ्यांस त्याचा लाभ झाला असेल. आपल्या कापसास व वाखास त्याचा काही उपयोग नाही, कारण आपली गाडी वजनाची मर्यादा गाठण्यापूर्वीच दोरापर्यंत भरलेली असते.

आता माझ्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी आमच्या सल्ल्याने एका गावातील शेतकऱ्यांच्या गटाने कापसाच्या धुऱ्यांवर आणि पडीत तुकड्यांवर अंबाडी घेतली. पीक उत्तम आले. नाल्याच्या डोहात काड्या कुजवून बायामाणसांनी वाख काढला, धुतला व दोरीवर वाळविला. तो पाहून डोळे निवावेत असा होता. मी कागदावर एकरी उत्पन्न मांडले, मजुरी वजा केली व चांगला नफा दाखविला. खरेदीदाराने भाव सांगितला होता तो "नागपूर पोच". या "पोच" शब्दाकडे माझे लक्षच गेले नाही. कृषि महाविद्यालयात आम्हांस जमिनीचा सामू काढावयास शिकविले, पोच भाव आणि जागेवरचा भाव यांतील अंतर नाही शिकविले. अर्थात ही काही सबब नव्हे. वाखाच्या सैल पेंढ्या रचून मोठी गाडी भरली. नागपूरच्या काट्यावर वजन झाले १४ क्विंटल. भाडे, हमाली व तोलाई वजा होऊन जे हाती आले त्यात कुजविण्याची मजुरीही पुरती निघाली नाही. गटातील एक वृद्ध शेतकरी शांतपणे म्हणाले, "सायेब, गाडीत वाख कमी अन् हवाच जास्त भरली होती." रागावून बोलले असते तर बरे वाटले असते.

पुढील वर्षी त्या गटातील निम्म्या लोकांनी अंबाडी पेरली नाही. त्यांना दोष देता येत नाही.

कापसाची कथाही याहून फार निराळी नाही, फक्त ती आपल्या अंगवळणी पडली आहे. एक क्विंटल कापसातून रुई निघते सुमारे ३३ ते ३५ किलो, बाकी सरकी. सुटा कापूस दूरच्या बाजारात नेणारा शेतकरी सरकीचे व पोकळीचेही भाडे भरतो. तेलंगणात शंभर-दोनशे रुपये भाव जास्त आहे असे ऐकून आदिलाबादेकडे गाडी नेणाऱ्यांनी भाडे, हमाली आणि काट्यावर थांबण्याचा दिवस हे तिन्ही वजा करून पाहावे. पुष्कळ वेळा ते शंभर-दोनशे रुपये वाटेतच संपतात. त्यात ओलाव्याची भर. कापूस महामंडळ ८ टक्के ओलावा प्रमाण धरते आणि त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात करते, म्हणजे ओला कापूस नेणारा पाण्याचे भाडे देतो व वर कपातही सोसतो. दोन उन्हे देऊन मग गाडी बोलाविणे हे कोणत्याही सवलतीपेक्षा स्वस्त आहे.

भाड्याची घासाघीस करून फार हाती लागते असा माझा अनुभव नाही. एक वाट मात्र सर्वांस मोकळी आहे. नागपूर–नांदेड मार्गावरून माल टाकून रिकाम्या परतणाऱ्या गाड्या असतात. गटातील एकाने चालकांचे दूरध्वनी क्रमांक वहीत टिपून ठेवले, तर परतीची गाडी खास बोलाविलेल्या गाडीपेक्षा पुष्कळच कमी पैशांत मिळते. त्यासाठी माल एकाच ठिकाणी, रस्त्यालगत आणि बांधून तयार हवा. चालक चार वस्त्यांवर फिरत नाही. शेतमालाच्या वाहतुकीवर वस्तू व सेवा कर माफ आहे, हेही ध्यानी असावे. पावतीवर तो लावलेला दिसल्यास कारण विचारावे.

खरी बचत आहे ती माल आटोपशीर करण्यात. वाख सोलून, वाळवून, दाबूनच गावाबाहेर काढावा. लाल अंबाडीची बोंडे सरबतासाठी विकावयाची असल्यास ताजी नेऊ नयेत, कारण त्यांत बहुतांश पाणी असते. ती सावलीत वाळवून न्यावीत. आणि जो वाख बाहेर पाठविण्याजोगा नाही, त्याची दावी, कासरे, वेसणी गावातच वळवाव्यात. पोळ्याच्या आधी आर्णीच्या बाजारात नायलॉनच्या दोऱ्या किती खपतात ते पाहावे. त्या दोऱ्या दूरच्या कारखान्यातून भाडे भरून आपल्याकडे येतात, आणि आपण आपला वाख भाडे भरून नागपुरास पाठवितो!

ज्या गटाची हकीगत वर दिली, त्यातील उरलेल्या निम्म्या शेतकऱ्यांनी गावच्या सुताराकडून एक लाकडी पेटी करून घेतली आहे. लांबी तीन फूट, रुंदी व उंची दोन-दोन फूट, वरून फळी व तरफ. तळाशी आडव्या दोऱ्या घालून वाखाचे थर द्यावयाचे, दोघांनी तरफेवर भार देऊन दाबावयाचे आणि दोऱ्या आवळून गठ्ठा बाहेर काढावयाचा. दोऱ्या अर्थातच अंबाडीच्या. पहिल्या वर्षीच्या मानाने त्याच आकाराच्या गाडीत आता दुपटीहून अधिक वजन बसते. या हंगामात त्यांनी खरेदीदाराशी बोलणे केले ते जागेवरच्या भावाचे, व तो शब्द करारात लिहून घेतला. मसुदा त्यांनी मला दाखविला तेव्हा "जागेवर" या शब्दाखाली त्या वृद्ध शेतकऱ्यांनी आधीच दोन रेघा मारून ठेवल्या होत्या.